पांढऱ्या पुडीवरची पावलं

१

उदयसिंहाचं वागणं मला पटलं नाही. माझ्याच गोदामाच्या दारात माझ्या पोटच्या पोरानं मला अडवलं, हात वर करायला लावले आणि माझ्या पानाच्या चंचीवर ते वाजणारं यंत्र फिरवलं. वर मला 'मॅडम' म्हणाला. मॅडम कोण रं, असं विचारलं तर म्हणतो, ड्यूटीवर मला आई नाही. सुभेदार मेजर होऊन घरी आला, पण फौज काही अंगातून गेली नाही. आणि मी निघाले होते कशाला, तर आतल्या परदेशी पाहुण्यांना खंडेनवमीच्या जेवणाचं आवतण द्यायला.

गोदामाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचा ऊस साताऱ्याकडं, कृष्णेच्या काठाला. पण आमच्या मालकांनी, लालासाहेबांनी, हयात असताना आटपाडीच्या वाटेवरचा माळ घेतला, डाळिंब लावलं, दगडी गोदाम बांधलं आणि शेजारी बंगला. गोदामाला एकच दार. भिंती अशा की आत तोफ उडाली तरी बाहेर शेळी दचकायची नाही. म्हणूनच ह्या वर्षी सात देशांच्या लोकांनी ते मागून घेतलं.

त्यांचं काम ऐकलं तेव्हा मला हसू आलं. उद्या देशांनी आपले अणुबॉम्ब मोडायचं ठरवलं, तर समोरच्यानं खरंच मोडला की मोडल्याचं सोंग केलं, हे ओळखायचं कसं? बरं, बॉम्ब उघडून बघायचा नाही, कारण तो कसा केला ते ज्याचं त्याचं गुपित. म्हणजे मिटल्या पेटीबाहेर उभं राहून आतलं खरं-खोटं सांगायचं. त्याचा सराव करायला ही माणसं आली होती. मग मात्र मला ते काम पटलं. मी भावकीतल्या इतक्या सोयरिकी जुळवल्या आहेत. समोरचा काहीतरी लपवणार हे धरून चालायचं, आणि तरी बैठक मोडू द्यायची नाही. ह्यांचंही तेच.

बॉम्ब अर्थात खोटा. नारळाएवढा पोलादी गोळा, चांगला जड. त्याच्या पोटात किरणं सोडणारा एक कण, जुन्या काळी अंधारात चमकणाऱ्या घड्याळात असायचा तेवढाच. माणसाला त्याचा अपाय नाही, पण यंत्राला लगेच कळतो. गोळा पेटीत, पेटीला तारेचं सील, पेटी आतल्या खोलीत. आणि त्या खोलीतून निघताना रोज फरशीवर पांढरी पूड भुरभुरून ठेवायची, म्हणजे मागे कोण येऊन गेलं ते पावलांवरून समजावं.

दारावर उदयसिंह आणि ते यंत्र. गोळा घेऊन कुणी बाहेर पडला तर यंत्र बोंब मारणार. पेटी सांभाळायचं काम सोनियाकडं. आटपाडीच्या भाऊसो धनगराची मुलगी, इंजिनिअर झालेली. बाप अजून मेंढरं घेऊन जतकडं जातो आणि पोरगी ह्या सात देशांच्या लोकांत बसून काटेकोर काम करते. हा सराव नीट पार पडला की तिला व्हिएन्नाला खऱ्या तपासनीसांच्या शिक्षणाला नेणार होते. ती नवरात्रात अनवाणी राहायची. गोदामाच्या वाटेवर नवा तांबडा मुरूम टाकला होता, त्यामुळे ती बंगल्यावर आली की माझ्या व्हरांड्याच्या पांढऱ्या फरशीवर तांबडी पावलं. त्यावरून मी तिला रोज बोलायचे आणि ती रोज पुसून काढायची.

सगळ्यांची मुख्य साउले नावाची बाई, कझाकस्तानची. रुंद चेहरा, बारीक डोळे, बोलणं मोजकं. मला आवडली. उगाच हसत नव्हती.

खंडेनवमीच्या दिवशी जेवायच्या सुट्टीनंतर ती बाई अचानक उठली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता पेटी बघू. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून तपासणी त्याच्या पुढच्या दिवसावर टाकली होती. पण न सांगता तपासणी करायची, हाही त्यांच्या सरावाचा भाग.

सील तोडलेलं होतं. पेटी रिकामी होती.

२

मी तेव्हा देवघरात होते. खंडेनवमीला आमच्याकडं शस्त्रं पूजेला बसतात. ते सगळं उदयसिंहाकडं. जेवायच्या सुट्टीत गोदामाला कुलूप घालून तो धावत घरी आला, आंघोळ केली आणि पाट मांडला. पणजोबांची तलवार, लालासाहेबांची बंदूक, ऊसतोडीचे कोयते, ट्रॅक्टरचे पाने, त्याची स्वतःची मेडलं. आणि एका कडेला लाल कापडात गुंडाळलेला नारळ. हा नारळ तो दरवर्षी ठेवतो. त्याच्या तुकडीतली जी पोरं परत आली नाहीत, त्यांच्या नावाचा. त्याबद्दल त्याला कुणी काही विचारत नाही.

हळदकुंकू मीच वाहिलं. पाटावरच्या दिव्यातलं तेल उजव्या अंगाला साचलं होतं. आमच्या त्या पाटाचा डावा पाय आखूड आहे, तेल जायचं तर डावीकडं. मी सुनेला, संयोगिताला, म्हटलं की पाट उलटा मांडू दिलास व्हय. ती म्हणाली, मी हातही लावला नाही, सगळं ह्यांनीच केलं. मी तिचं ऐकलं नाही. अजून चार शब्द सुनावले.

तेवढ्यात गोदामाकडून माणसं पळत आली.

सगळ्यांना आधी वाटलं की हाही खेळाचाच भाग. सराव करणारे मुद्दाम एखादी लबाडी घडवून आणतात आणि ती पकडता येते का बघतात. दोघं-तिघं तर खूश होऊन वह्या काढायला लागले. साउलेबाईनं त्यांना थांबवलं. संयोगिता हायस्कूलला इंग्रजी शिकवते, तिनं मला समजावून सांगितलं. बाई म्हणाली, लबाडी कोणती करायची ते फक्त मला माहीत असतं, आणि ही त्यात नाही. ही चोरी खरी आहे.

मग सगळं गोदाम उलटंपालटं केलं. पोती, खोकी, डाळिंबाचे क्रेट, छताचे वासे. गोळा आत नव्हता. आणि दारातून तर यंत्राखालून गेल्याशिवाय कुणी बाहेर पडलेलं नव्हतं. उदयसिंहाला विचारलं, यंत्र वाजलं का? तो ताठ उभा राहून म्हणाला, "न्हाई. दिवसभरात एकदा पण न्हाई."

साउलेबाई जेवायला निघताना स्वतः सील बघून गेली होती. म्हणजे चोरी सुट्टीतच झाली. खोलीच्या पांढऱ्या पुडीवर पेटीपर्यंत जाऊन परत आलेली पावलांची एक ओळ होती. कडा विस्कटलेल्या, माप घेता येईना. पण एक गोष्ट लांबून पण दिसत होती.

पावलं अनवाणी होती.

आणि त्या सगळ्या मेळ्यात अनवाणी एकच माणूस होतं.

३

चौकशीला जागा माझा व्हरांडा. दुभाषी म्हणून सोनिया चालेना, कारण तिच्यावरच आळ. म्हणून संयोगिता. आणि व्हरांडा माझा, त्यामुळे मला कुणी ऊठ म्हणणार नाही. मी सुपारी कातरत सगळं ऐकलं. खरं सांगते, पुष्कळ वर्षांत मला इतकी तरतरी आली नव्हती.

सोनिया आली, फरशीवर तांबडी पावलं उमटवत, आणि आल्याबरोबर पुसायला फडकं शोधायला लागली. मी म्हटलं, राहू दे आज. ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिचा उपास, म्हणून ती जेवायला गेली नव्हती. थोडा वेळ बाहेरच्या दालनात बसली, मग यंत्राखालून बाहेर पडून लिंबाखाली जाऊन बसली. बरोबर कुणी नव्हतं. खोलीची एक किल्ली तिच्याकडं. दुसरी आगीबिगीच्या प्रसंगासाठी दालनात खुंटीला, पण दालनात सुट्टीत कोण होतं, तर तीच.

"मी घेतला न्हाई," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, लोकांना रडणारी बाई खरी वाटते. ही आपली गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

चार पावलांवर उभ्या उदयसिंहानं इथंही तेच सांगितलं, यंत्र वाजलं नाही. साउलेबाईनं सोनियाला विचारलं, ह्याचा अर्थ काय लावायचा? त्यावर सोनिया म्हणाली, एकतर मी गोळा नेला नाही, नाहीतर यंत्र बहिरं केलेलं होतं. आणि यंत्र तेवढ्या वेळापुरतं बहिरं करायची विद्या, तीही शेजारी उभं राहून, एकट्या हेन्रिकला येते.

स्वतःच्या विरुद्धचा पुरावा पोरीनं स्वतःच मांडला. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

हेन्रिक म्हणजे नॉर्वेचा. उंच, तांबूस दाढी, यंत्रांचा डॉक्टर. तो आला तो घामाघूम. जेवायला कुठं होतास? तर म्हणे, फिरायला गेलो होतो. दुपारी, आटपाडीच्या माळावर, ऑक्टोबरच्या उन्हात. असं फिरायला इथं आमची शेरडं पण जात नाहीत. कुणी बघितलं? कुणी नाही, म्हणत त्यानं दाढी पुसली.

त्याच्यानंतर तानाजी, जतचा आचारी. अर्धं कानडी, अर्धं मराठी. त्यालाही सुट्टीत स्वयंपाकघरात कुणी बघितलं नव्हतं. वाढप त्यानं बायकांवर सोडलं होतं. एक मोठा डबा घेऊन तो डाळिंबाच्या बागेकडं गेल्याचं मात्र दोघींनी बघितलं. डब्यात काय होतं रं? तो म्हणाला, कचरा होता, आवं आक्का, कचरा. बागेत कचरा टाकायला पितळी डबा कोण नेतं?

तेव्हा लोकांनी जोडणी करून टाकली. गोऱ्यानं यंत्र बहिरं केलं, पोरीनं गोळा बाहेर आणला, आचाऱ्यानं डब्यातून पळवला. ऐकायला इतकं चोख की सगळ्यांना पटलं. नॉर्वेचे लोक आपल्या माणसासाठी भांडायला लागले, बाकीचे त्यांच्याकडं संशयानं बघायला लागले, आणि दुपारपर्यंत एका ताटातली भगर खाणारे सात देश अंगणात सात ठिकाणी उभे राहिले.

साउलेबाईनं सांगितलं, उद्या दुपारपर्यंत मला सगळ्या देशांना कळवावं लागेल. गोळा नाही मिळाला तर सराव बंद. आणि पेटी जिच्या ताब्यात होती, तिचं नाव ह्या कामातून कायमचं जाईल.

सोनियानं हे शांतपणे ऐकलं. मग मला विचारलं, "काकी, माझ्या आबाला तुमी सांगाल का? माझ्यानं फोनवर सांगवणार न्हाई."

मी म्हटलं, "उद्या दुपार झाली न्हाई अजून."

४

पहिली गाठ मी सोडवली, आणि ती नाकानं सोडवली. संध्याकाळी हेन्रिक माझ्या शेजारून गेला. नवरात्र चालू असताना माझ्या शिवारात एकच वास येऊ शकत नाही, आणि तो त्याच्या दाढीला येत होता.

मी तानाजीला स्वयंपाकघराच्या मागं घेतलं आणि विचारलं, मटण कुणाचं, बोकडाचं का मेंढ्याचं? त्याचा चेहरा असा पडला की उत्तराची गरजच राहिली नाही. गोरा बिचारा आठ दिवस भगर, साबुदाणा आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन कावला होता. त्यानं तानाजीला हातानं शिंगं करून दाखवली, तानाजीला दया आली. दोघं बागेच्या टोकाला पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं बसून जेवले. चुलीची जागा, हाडं, सगळं तिथंच. मोटारवाल्या नाथाजीनं त्यांना सुट्टी सुरू झाल्यापासून उठेपर्यंत बघितलेलं. पण त्यालाही त्यातलं हाड मिळालेलं, म्हणून तो गप्प.

"आक्का, देवीपुढं नाक घासतो, पर सुभेदारसायबांना सांगू नका," तानाजी म्हणाला.

मी साउलेबाईला सांगितलं. संयोगिता सांगताना हसू दाबत होती. बाईनं हेन्रिकला बोलावलं. तो म्हणाला, चोर म्हटलं असतं तर चाललं असतं, पण ज्या घरानं मला देवीच्या जेवणाला बोलावलं, त्यांच्या अंगणात मी बाटलो हे कसं सांगू? बाई पहिल्यांदा हसली. मग लगेच गंभीर झाली आणि माझ्याकडं बघितलं. मीही तिच्याकडं बघत होते. दोघींच्या डोक्यात एकच आलं होतं.

हेन्रिक बागेत होता, म्हणजे यंत्र बहिरं केलेलं नव्हतं. यंत्र ठणठणीत होतं, आणि सोनिया त्याच्याखालून गेली तेव्हा वाजलं नाही. म्हणजे तिच्याजवळ गोळा नव्हता.

मग गोळा बाहेर गेला कसा?

५

सकाळी दसरा. अंगणात झेंडूचा ढीग पडलेला, पण हार करायला कुणाचा हात चालेना. उदयसिंह मात्र पहाटेपासून कामाला लागला होता. दोनदा गोदामाभोवती फेरी, तीनदा जीप धुणं. मी चहा दिला तर उभ्यानं प्यायला आणि माझ्याकडं न बघता गेला. मला वाटलं, पोराच्या पहाऱ्यात चोरी झाली, मनाला लागलं असेल.

साउलेबाई व्हरांड्यात येऊन बसली. आज ती बोलत होती, आणि संयोगिता हळू आवाजात मला सांगत होती. तिच्या गावाजवळच्या माळावर तिच्या देशात असले बॉम्ब उडवून बघायचे. खरे. तिची आजी सांगायची, जमीन हलायची आणि खिडकीपाशी जाऊ नका म्हणायचे. पुढं घराघरांत आजार निघाले. तिची आई त्यातच गेली. म्हणून मी हे काम घेतलं, असं ती म्हणाली. मला राग कुणाचा नाही. पण मी कुणाच्या शब्दावर गोष्ट सोडून देत नाही. सोनिया चांगली मुलगी आहे हे मला दिसतं. पण चांगली आहे म्हणून सोडली, असं मी कुणाला सांगू शकत नाही. मला पुरावा पाहिजे.

आणि तिनं फोनवर पावलांचे फोटो पुन्हा उघडले. पांढऱ्या पुडीवर अनवाणी पावलं. ती म्हणाली, चोरानं आवाज होऊ नये म्हणून बूट काढले असतील, हे एक. पण पेटी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलीय. तोडलेलं सीलसुद्धा घडी घालून आत ठेवलंय. चोर इतकी टापटीप कशाला ठेवेल?

मी फोटो बघत होते. मग माझी नजर फरशीवर गेली. सोनिया सकाळी फुलं घेऊन येऊन गेली होती, तिची तांबडी पावलं उमटली होती. मी साउलेबाईचा हात धरून तिला दाखवलं. फरशीकडं बोट, मग फोटोकडं बोट. संयोगिताची गरजच पडली नाही. बाई ताडकन उठली.

फोटोतली पावलं पांढरीच होती. सोनिया आठ दिवस त्या मुरमातून चालतेय. तिच्या तळव्यांचा तांबडा रंग माझ्या फरशीला लागतो, तर त्या दुधासारख्या पुडीला लागणार नाही? खोलीत गेला त्याचे तळवे स्वच्छ होते. म्हणजे तो दारापर्यंत बूट-मोजे घालून आला आणि आत जाताना काढून गेला.

बाईनं विचारलं, का काढले? मी म्हटलं, तुम्ही म्हणता चोरी लपवायला. पण आमच्यात माणूस चपला कशासाठी काढतो, पेटी ओल्या फडक्यानं कशासाठी पुसतो?

मी हे म्हणता म्हणता थांबले. सुपारी हातातच राहिली.

कारण दुसरी गोष्ट त्याच वेळी माझ्या डोक्यात आली होती. यंत्राखालून सगळे जातात. सोनिया जाते, हेन्रिक जातो, पाहुणे जातात, मी गेले. ज्याच्या हातात ते यंत्र असतं, तो मात्र स्वतःवर फिरवत नाही. 'यंत्र वाजलं न्हाई.' अगदी खरं बोलला होता. वाजायला ते कुणीतरी फिरवावं लागतं.

मी संयोगिताला म्हटलं, बाईला बूट काढायला सांग, आणि हेन्रिकला यंत्र घेऊन बोलाव. हेन्रिकला म्हणावं, आधी दाढी धू.

६

सगळीकडं झडती झाली होती. तंबू, गाड्या, सोनियाची ट्रंक, तानाजीचे टोप. फक्त बंगल्यातलं देवघर राहिलं होतं. तिथं परक्यांनी जायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं, आणि सुरक्षेचा प्रमुख म्हणून ते ठरवून घेतलं होतं उदयसिंहानं.

देवघराच्या दारात तो उभा होता. नवा सदरा, कपाळाला गंध. मला बघून बाजूला झाला नाही.

"आई, पूजेला बसलेली शस्त्रं शिलंगणाआधी उचलायची न्हाईत."

"उचलायचं कोण म्हणालं?" मी विचारलं.

त्याच्या मागं पाटावरचा दिवा जळत होता. रात्रभर तेल घातलेलं, आणि ते तेल अजून उजव्या अंगालाच साचलेलं. आखूड पाय डावा. पाट उजवीकडं कलायला तलवारीचं वजन पुरत नाही, मेडलांचं तर नाहीच. आणि उजव्या कडेला होतं काय, तर लाल कापडातला एक नारळ.

मी त्याला हातानं बाजूला केलं. साउलेबाई अनवाणी आत आली, तिनं आधी हात जोडले. हेन्रिकनं यंत्र पुढं केलं. तलवारीवरून गेलं, गप्प. बंदुकीवरून गेलं, गप्प. लाल कापडाशी आलं आणि असं कडाडलं की संयोगिता मागच्या मागं भिंतीला टेकली.

काल मी त्या गोळ्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आरती केली होती. त्याच्यासमोर माझ्या नातवंडांना सुखी ठेव म्हटलं होतं. मला हसू आलं, आणि लगेच मी देवीपुढं कान धरले.

उदयसिंह खाली बसला. मग बोलला, आणि थांबून थांबून बोलला. त्याच्या तुकडीत जुनी तोफ मोडीत काढायची वेळ आली की आधी तिची पूजा करायचे. इतकी वर्षं उभी राहिली, तिला मान देऊन पाठवायचं. हा बॉम्ब तर सगळ्या शस्त्रांत मोठा, सरावाच्या शेवटी तो मोडायचा, आणि नेमकी काल खंडेनवमी. बिनपूजेचा कसा जाऊ द्यायचा? मी म्हटलं, अरे तो खोटा. तो म्हणाला, "खोटा असला तरी शस्त्र म्हणूनच मांडलाय ना, आई?"

दालन रिकामं झालं तसा तो खुंटीवरची किल्ली घेऊन आत गेला. बूट काढले, पेटी पुसली, गोळा जेवणाच्या पिशवीतून घरी आणला. दसऱ्याला संध्याकाळी शिलंगणाला शस्त्रं उठली की रात्रीत परत ठेवायचा, नवं सील लावायचं, कुणाला कळलं नसतं. पण बाईनं अचानक पेटी उघडली. आणि पूजेला बसलेलं उचलायचं तर नाही.

संयोगितानं हे सगळं साउलेबाईला सांगितलं. बाईनं त्या लाल कापडावरच्या हळदकुंकवाकडं बोट केलं. मग म्हणाली, आमच्याकडंही त्याला मोठा मान होता. तो मान कुणाला भोवला, ते मी तुमच्या आईला सकाळीच सांगितलंय.

मी पाटाजवळ गेले. शिलंगणाला अजून अर्धा दिवस होता. आमच्या घरात पूजेतलं शस्त्र वेळेआधी कुणी हलवलेलं मला माहीत नाही. मी दोन्ही हातांनी तो गोळा उचलला, जड होता, आणि साउलेबाईच्या ओटीत टाकला. देवी बघेल काय ते. माझा तिचा हिशेब आम्ही दोघी बघू.

७

दुपारच्या आत सगळे गोदामात जमले. सात देश परत एका दालनात. साउलेबाईनं सोनियाला स्वतःशेजारी बसवलं आणि सांगितलं की पेटी सांभाळणाऱ्या मुलीकडून काही चूक झाली नाही, हे आता शाबीत आहे. हिच्या स्वभावावरून नाही, पावलांवरून. सराव मोडणार नाही. उलट ह्या माळावर एक गोष्ट कळली, जी कुठल्याच देशानं विचारात घेतली नव्हती. दारावरच्या माणसाला कोण तपासणार, हे ठरवल्याशिवाय बाकीची यंत्रं फुकट. व्हिएन्नाला हे शिकवायचं, आणि सोनियानं येऊन शिकवायचं.

टाळ्या झाल्या. हेन्रिक सगळ्यांत मोठ्यानं वाजवत होता. सोनियानं फोन काढला, बापाला लावला, आणि बोलायच्या आधीच रडली. काल नाही रडली ती आता.

उदयसिंह उठून पुढं आला. मी त्याला उठायला सांगितलं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणते. त्यानं सगळ्यांसमोर सॅल्यूट ठोकला, चूक माझी म्हणाला, जी शिक्षा असेल ती घेईन म्हणाला. बाईनं काय ते नंतर सांगू म्हटलं. लोकांचे चेहरे मऊ झाले. भक्तीनं चुकला बिचारा, असं कुणीतरी पुटपुटलं. तोही तेवढ्यावर हलका होऊन मागं वळला.

तेव्हा मी उठले. मला त्या दालनात बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, पण दालन माझं होतं.

"उदय, थांब," मी म्हटलं. "ड्यूटीवर तुला आई न्हाई, पर मला पोरगा हाय. पूजा केलीस, त्याचा मला राग न्हाई. शस्त्राला मान दिलास, तेबी मी समजून घीन. पर काल सांजच्याला ही पोरगी माझ्या व्हरांड्यात चोर म्हणून बसली हुती, आन तू चार पावलांवर उभा ऱ्हाऊन म्हणालास, यंत्र वाजलं न्हाई. रातच्याला तू दोन भाकरी खाल्ल्यास, मी वाढल्यात. तिच्या पोटात पाणी सुदिक न्हवतं. एका पोरीचं नाव जळत असताना तुला पाटावरचा गोळा हलवाय जड गेला. त्याला मी भक्ती म्हणत न्हाई. हितनं फुडं आपल्या घरात खंडेनवमीचा पाट तू मांडायचा न्हाईस. तलवार संयोगिता धुईल, कुंकू मी वाहीन. तुला पाटाशी कवा बसवायचं ते मी ठरवणार न्हाई, तुझी बायकोबी ठरवणार न्हाई. ते सोनिया ठरवंल. ती व्हिएन्नाला निघालीय. तू तिला जीपनं स्टेशनावर सोड, आन ती परत येऊन काय म्हणती त्याची वाट बघ."